बाळाला झटके येतायत असं वाटतंय? पैसे आधी कुठे घालायचे आणि कुठे थांबलं तरी चालतं

तान्ह्या बाळाच्या फिट्सच्या ट्रीटमेंटला एकूण खर्च किती येतो हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि माझं उत्तर दरवेळी एकच, आकडा नंतर बघा, आधी क्रम लावा. कारण यात काही गोष्टी अशा आहेत की त्या या आठवड्यात झाल्या नाहीत तर पुढे कितीही पैसा ओता, गेलेलं परत येत नाही, आणि काही गोष्टी तीन महिन्यांनी केल्या तरी काही बिघडत नाही. पण डॉक्टरांच्या कागदावर दोन्ही एकाखाली एक त्याच अक्षरात लिहिलेल्या असतात, आणि घाबरलेले आईबाप नेमकं उलटं करून बसतात. आम्ही पण तेच केलं. महागडी जेनेटिक टेस्ट पहिल्याच आठवड्यात, आणि ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी तपासतात ती टेस्ट) मात्र "पुढच्या महिन्यात नंबर आहे" म्हणून वाट बघत बसलो.

मी डॉक्टर नाही, आई आहे, म्हणून इथे एकाही औषधाचा डोस सापडणार नाही. तो बाळाच्या वजनावर ठरतो आणि ते काम डॉक्टरांचंच. मी फक्त सांगणारे की कुठली गोष्ट कधी करायची, काय विचारायचं, आणि पैसे कुठे वाचतात.

आजाराचं नाव इन्फंटाइल स्पाझम्स. ईईजीमध्ये ठराविक गोंधळ दिसला आणि बाळाची प्रगती पण अडकली की त्याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. साधारण २ ते ४ हजार बाळांमागे एकाला होतो, बहुतेकांना पहिल्या वाढदिवसाच्या आत, आणि सगळ्यात जास्त ४ ते ७ महिन्यांच्या वयात. वेस्ट हे एका डॉक्टरचं आडनाव, विल्यम जेम्स वेस्ट. त्यांनी १८४१ मध्ये 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं, स्वतःच्या मुलाबद्दल, की बाळ सारखं सलाम केल्यासारखं पुढे वाकतंय, जळवा लावून झाल्या, जुलाबाची औषधं देऊन झाली, कुणाला काही माहीत असेल तर कळवा. म्हणजे स्वतः डॉक्टर असलेला बाप सुद्धा तेव्हा आपल्यासारखाच दारोदार विचारत होता. आज निदान आपल्याकडे औषधं आहेत, फक्त ती वेळेत पोचायला हवीत.

पहिला दिवस: फोन काढा आणि व्हिडिओ घ्या

याला काहीच खर्च नाही आणि अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

हे झटके आपल्या डोक्यातल्या फिटसारखे दिसतच नाहीत. फेस नाही, डोळे पांढरे करून बेशुद्ध पडणं नाही, ताप नाही. बाळ एकदम दचकल्यासारखं करतं, मान किंवा कंबर पुढे वाकते, हात बाजूला फेकले जातात नाहीतर छातीशी ओढले जातात, एक-दोन सेकंदात सगळं संपतं. मग पाच-दहा सेकंद काही नाही. मग परत तेच. मग परत. अशी एकामागोमाग एक रांग लागते, कधी पाच, कधी पन्नास, आणि ती रांग बहुतेक वेळा झोपेतून उठल्या उठल्या नाहीतर झोपेला आल्यावर लागते. काही बाळांमध्ये तर फक्त मान किंचित झुकते किंवा नजर वर जाते, इतकंच. मधल्या वेळात बाळ अगदी व्यवस्थित वाटतं, आणि तिथेच सगळे फसतात. दचकतंय, गॅस आहे, पोटात कळ आहे, दूध वर येतंय, शी होत नाहीये, आमच्याकडे प्रत्येकाचं वेगळं निदान होतं. आजेसासूबाई म्हणाल्या "उचक्या असतील गं". पहिल्या डॉक्टरांनी पोटाचे थेंब लिहून दिले. मी त्यांना दोष देत नाही कारण मी तोंडाने जे वर्णन केलं होतं ते ऐकून कुणीही थेंबच दिले असते.

नुसतं दचकणं आणि हे यातला फरक म्हणजे रांग. साधं दचकणं आवाजाला किंवा अचानक हलवल्यावर होतं आणि एकदा होऊन थांबतं, शिवाय तो प्रकार ४-५ महिन्यांपर्यंत कमी होत जातो. कारण नसताना, ठराविक अंतराने, उठल्यावर रोज होतंय आणि वय वाढतंय तसं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, तर व्हिडिओ घ्यायचाच. दुसरी खूण म्हणजे बाळ मागे जातं. हसणं कमी होतं, नजर मिळवत नाही, मान धरत होतं ते सोडून देतं. ही खूण दिसेपर्यंत थांबायचं मात्र नाही.

व्हिडिओ घेताना बाळाला गुंडाळून ठेवू नका, अंगावर कमी कपडे, चांगला उजेड, आणि पूर्ण शरीर दिसलं पाहिजे, फक्त तोंडाचा क्लोजअप नको. उठायच्या वेळेला आधीच फोन लावून ठेवा म्हणजे पहिला झटका सुटत नाही. एका झटक्याचा व्हिडिओ काही कामाचा नाही, अख्खी रांग घ्या, दोन-तीन मिनिटं जाऊ देत. आणि तारीख-वेळ वहीत लिहा, एका रांगेत किती आले ते मोजून. पहिला झटका नक्की कोणत्या दिवशी दिसला ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, ती पुढे प्रत्येक जण विचारणारे, डॉक्टर पण आणि इन्शुरन्सवाले पण.

घाई का, ते आकड्यात

मला स्वतःला घाई करा घाई करा म्हणून कुणी सांगितलं की मी उलट संशय घेते, म्हणून खरी माहिती देते. ब्रिटनमध्ये या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्याचे पहिले निकाल २००४ मध्ये आले. त्याच मुलांना ४ वर्षांची झाल्यावर परत तपासलं आणि ते २०११ मध्ये छापून आलं. झटके सुरू झाल्यापासून योग्य औषध सुरू होईपर्यंत किती दिवस गेले यावर त्यांनी पाच गट पाडले होते: ७ दिवसांच्या आत, ८ ते १४ दिवस, १५ दिवस ते १ महिना, १ ते २ महिने, आणि २ महिन्यांच्या वर. एकेक गट खाली उतरला की मुलांच्या रोजच्या व्यवहाराच्या, बोलण्या-चालण्याच्या चाचणीत सरासरी ३.९ गुण कमी. एका गटाचा फरक फार वाटत नाही, पण पहिल्या गटातून शेवटच्या गटात जाईपर्यंत चार पायऱ्या आहेत, हिशोब करा.

याचा अर्थ उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असा नाही. मेंदूत आधीपासूनच काही दोष आहे, जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडलाय, अशा बाळांचं पुढचं चित्र मुख्यतः त्या मूळ कारणावर ठरतं. पण मूळ कारण आपल्या हातात नसतं आणि दिवस असतात. आमचे १९ दिवस गेले. त्यातले ११ दिवस फक्त ईईजीच्या तारखेची वाट बघण्यात.

म्हणून अपॉइंटमेंटचा फोन करताना "बाळाला फिटसारखं काहीतरी होतंय" असं म्हणू नका, त्याला पुढच्या महिन्याचीच तारीख मिळते. "बाळ पाच महिन्यांचं आहे, इन्फंटाइल स्पाझम्सचा संशय आहे, व्हिडिओ आहे, झोपेतला ईईजी एक-दोन दिवसांत हवाय" असं म्हणा. तरी नाही म्हणाले तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या मुलांच्या इमर्जन्सीत व्हिडिओ घेऊन जा. मी आधी लाजले होते की बाळ तर हसतंय, इमर्जन्सीत काय सांगायचं. लाजू नका.

ईईजी: इथे काटकसर केली तर दोनदा पैसे जातात

ईईजी हीच इथली निर्णायक तपासणी. मेंदूच्या लहरी उंच-सखल, बेशिस्त, कशाचा कशाला मेळ नाही अशा दिसतात, त्याला हिप्सअरिदमिया म्हणतात, हे नाव १९५२ पासूनचं आहे. पण गंमत अशी की जागेपणी तो गोंधळ कधीकधी दिसतच नाही, झोपेत मात्र स्पष्ट दिसतो. म्हणून वीस मिनिटांचा जागेपणीचा स्वस्त ईईजी काढला, "नॉर्मल" आला, सगळे खूश, आणि दोन आठवड्यांनी परत काढावा लागला, तर स्वस्त कुठे पडला? आधीच विचारा की बाळ जागं असताना, झोपलेलं असताना आणि झोपेतून उठताना, असं तिन्ही रेकॉर्ड होणार आहे का, आणि सोबत व्हिडिओ आहे का. चांगला तास-दोन तासांचा झाला तर पुष्कळदा तेवढ्यात भागतं. रात्रभर अॅडमिट करूनच ईईजी हवा असं सांगितलं तर कशासाठी ते विचारा, काही वेळा खरंच लागतो, पण त्याची खाट मिळेपर्यंत आठवडा जाणार असेल तर छोटा ईईजी लगेच काढून घेणं परवडतं. बाळाला झोप येईल अशी वेळ मागून घ्या, जाताना गाडीत झोपू देऊ नका, आमचं तिथे पोचेपर्यंत मस्त झोपून फ्रेश झालं होतं आणि मग दीड तास टेक्निशियनकडे बघून हसत बसलं.

आणखी एक तपासणी, जवळजवळ फुकट, आणि बरेच जण विसरतात. अंधार करून एका जांभळ्या दिव्याखाली, त्याला वूड्स लॅम्प म्हणतात, बाळाची कातडी बघायची. पानाच्या आकाराचे पांढरट डाग दिसले तर ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार असू शकतो, आणि तसं असेल तर पहिलं औषधच बदलतं. दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या.

औषध: महाग म्हणजे चांगलं असं इथे नाही

हे नीट वाचा कारण घर विकायची वेळ आल्यासारखे चेहरे मी इथेच बघितलेत.

या झटक्यांवर पहिल्या फळीत खरं तर तीनच औषधं आहेत. एसीटीएचची इंजेक्शनं (शरीराला स्वतःचं स्टिरॉइड जास्त बनवायला लावणारं हार्मोन), तोंडावाटे द्यायचं प्रेडनिसोलोन म्हणजे साधं स्टिरॉइड पण मोठ्या डोसमध्ये, आणि व्हिगाबॅट्रिन. बाकीची फिट्सची नेहमीची औषधं, फेनोबार्बिटोन, लेव्हेटिरासिटाम वगैरे, ती इतर फिट्सवर चांगली असतील पण स्पाझम्सवर पहिलं औषध म्हणून चालत नाहीत, आणि "आधी हे महिनाभर देऊन बघू" यात तोच महिना जातो ज्याबद्दल वर सांगितलं. कागदावर या तिघांपैकी काहीच नसेल तर नम्रपणे विचारा, "हे स्पाझम्सचंच औषध आहे का, पहिल्या फळीतलं का नाही दिलं?" कारण असू शकतं, पण ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आता पैसे. एसीटीएचची नैसर्गिक जेल काही देशांत प्रचंड महाग आहे, कृत्रिम एसीटीएच बऱ्याच ठिकाणी त्याच्या मानाने खूपच स्वस्त, आणि प्रेडनिसोलोन तर सगळ्यात स्वस्त औषधांमधलं, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं. त्या ब्रिटिश अभ्यासात १४व्या दिवसापर्यंत झटके थांबले ते असे: प्रेडनिसोलोनवर ३० पैकी २१ बाळांचे, कृत्रिम एसीटीएचवर २५ पैकी १९ बाळांचे, व्हिगाबॅट्रिनवर ५२ पैकी २८ बाळांचे. पहिल्या दोघांतला फरक एवढ्या कमी बाळांवरून काही सिद्ध करत नाही. त्यामुळे महाग इंजेक्शनची मंजुरी यायला दोन आठवडे लागणार असतील तर स्वस्त गोळी आजच सुरू करता येईल का, हा प्रश्न विचारायलाच हवा. काही डॉक्टर एसीटीएचच पसंत करतात, त्यांची कारणं असतात, ऐकून घ्या, पण "औषध यायचंय म्हणून थांबलोय" हे कारण पटवून घेऊ नका. एक सावधगिरी, प्रेडनिसोलोन इथे काम करतं ते मोठ्या डोसमध्ये, दम्याला देतात तसा छोटा डोस म्हणजे तेच औषध नव्हे. आमच्या केमिस्टने डोस बघून "एवढ्या लहान बाळाला? चुकलंय" म्हणत औषध द्यायला नकार दिला, मग डॉक्टरांना फोन लावून दिला. स्वतःहून डोस अर्धा करू नका, शंका आली तर त्याच दिवशी विचारा.

ट्यूबरस स्क्लेरोसिस असेल तर पहिलं औषध व्हिगाबॅट्रिन, तिथे ते फारच छान चालतं. वरचा ब्रिटिश अभ्यास त्या बाळांना वगळून केला होता, म्हणून ते आकडे त्यांना लावू नका. २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास आला, ३७७ बाळांचा, त्यात स्टिरॉइड (म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा एसीटीएच) आणि व्हिगाबॅट्रिन दोन्ही एकदम दिलेल्यांपैकी ७२ टक्के बाळांचे झटके थांबले, नुसत्या स्टिरॉइडवर ५७ टक्के. म्हणून काही जण पहिल्यापासून दोन्ही देतात. पण दीड वर्षाच्या वयाला दोन्ही गटांच्या विकासात ठळक फरक दिसला नाही, त्यामुळे दुसरं औषध परवडत नसेल तर आपण बाळावर अन्याय करतोय म्हणून रात्रभर रडू नका.

व्हिगाबॅट्रिनचा धोका डोळ्यांना, बाजूचं दिसणं कायमचं कमी होऊ शकतं, आणि जितके जास्त महिने तितका धोका जास्त, म्हणून साधारण सहा महिन्यांच्या आसपास बंद करायचा प्रयत्न असतो, कारण वेगळं नसेल तर. डोळ्यांच्या तपासण्यांचा खर्च या औषधाच्या खर्चातच धरा. पुड्या येतात, पाण्यात विरघळवून मोजून द्यायच्या, उरलेलं फेकायचं. म्हणून किती मिलिग्रॅमची पुडी आणि रोज किती वाया जातंय हे बघून डॉक्टरांशी बोललं तर महिन्याच्या पुड्या कमी लागू शकतात.

आणि जीवनसत्त्व बी-६. काही थोड्या बाळांचे झटके फक्त त्याच्या अभावाशी किंवा ते वापरता न येण्याशी जोडलेले असतात. गोळी अगदी स्वस्त, म्हणून पुष्कळ डॉक्टर सोबत देऊन बघतात. सोबत म्हणजे सोबत, त्याच्यासाठी मुख्य औषध थांबवून नाही.

स्टिरॉइडचे आठवडे

या दिवसांबद्दल कुणी नीट सांगत नाही. बाळ फुगतं, गाल गोल होतात, रात्रभर जागं, सतत भूक, सतत रडणं, आणि घरातले सगळे एकमेकांवर ओरडत असतात. हे औषधाचं आहे, तुमचं काही चुकत नाहीये. पण खरा धोका दिसत नाही तिथे असतो: बीपी वाढतं, रक्तातली साखर वाढते, आणि इन्फेक्शन पटकन होतं. त्यासाठी दर आठवड्याला हॉस्पिटलात खेटे घालायची गरज असेलच असं नाही. जवळच्या दवाखान्यात बाळाच्या मापाचा बीपीचा पट्टा आहे का ते विचारा, मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा चुकीचा येतो. साखरेसाठी लघवीची पट्टी घरी बुडवता येते. वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि आकडा कितीच्या वर गेला तर फोन करायचा तेही लिहून घ्या. आमचा प्रवासाचा अर्धा खर्च इथेच वाचला.

दोन गोष्टींत अजिबात हलगर्जी नको. एक, औषध एकदम बंद करायचं नाही, संपलं म्हणून नाही, बाळाने ओकलं म्हणून नाही, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबवतं आणि अचानक तोडलं तर बाळ गंभीर होतं. म्हणून बाटलीत पाच दिवसांचं उरलं की पुढची आणायची. दोन, ताप आला, बाळ मलूल झालं किंवा कांजिण्या झालेल्या कुणाजवळ गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं. लसींपैकी ज्या जिवंत जंतूंच्या असतात त्या पुढे ढकलतात, लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवून कुठली थांबवायची ते विचारा.

चौदावा दिवस

औषध सुरू केलं त्याच दिवशी कॅलेंडरवर चौदा दिवसांनी गोल करा आणि त्याच वेळी त्या तारखेच्या आसपासचा झोपेतला ईईजी बुक करा. इथे अर्धा निकाल चालत नाही. झटके दिसायचे थांबले, पण ईईजीत गोंधळ तसाच, तर काम झालं नाही. आणि झटके निम्म्यावर आले म्हणजे "गुण येतोय" असंही समजायचं नाही, या आजारात पूर्ण थांबणं हाच गुण. चौदा दिवसांत झालं नाही तर पहिल्या फळीतल्या दुसऱ्या प्रकारच्या औषधाकडे वळतात, स्टिरॉइड दिलं असेल तर व्हिगाबॅट्रिन, व्हिगाबॅट्रिन दिलं असेल तर स्टिरॉइड. हा दुसरा ईईजी लोक पैशासाठी गाळतात कारण बाळ "बरं" दिसत असतं. गाळायचाच असेल तर दुसरं काहीतरी गाळा.

एमआरआय आणि जेनेटिक: थांबलं तरी चालतं ते इथे

एमआरआय हवाच, पण औषध त्याच्यासाठी अडवून ठेवायचं नाही. काही डॉक्टरांना तो स्टिरॉइडच्या आधी हवा असतो कारण स्टिरॉइडमुळे मेंदू तात्पुरता थोडा आकसलेला दिसू शकतो, तर एक-दोन दिवसांत होत असेल तर उत्तम, नाहीतर औषध पहिलं. बुक करताना "एपिलेप्सी प्रोटोकॉल" (फिट्सचं कारण शोधायला काढतात तो सविस्तर एमआरआय) असं सांगा, नाहीतर साधा एमआरआय काढतात आणि मोठ्या हॉस्पिटलात म्हणतात परत काढा, परत भूल, परत पैसे. नुसता रिपोर्ट नाही, सगळ्या इमेजेसची कॉपी घ्या. एक वर्षाच्या आत मेंदू अजून पिकत असतो, त्यामुळे काही छोटे दोष पहिल्यांदा दिसत नाहीत, आणि झटके सुरूच राहिले तर दोन वर्षांच्या आसपास परत एमआरआय लागू शकतो. तेवढी तयारी मनात ठेवा. कारण एकाच जागी दोष सापडला तर ऑपरेशनचा पर्याय असतो, आणि तो शेवटचा उपाय म्हणून वर्षानुवर्षं ढकलण्यातला नाही, दोन औषधं फसली की लगेच ऑपरेशनवाल्या टीमचं मत घ्यायचं.

रक्त-लघवीच्या मेटाबोलिक टेस्ट्सपैकी (शरीरातल्या रासायनिक क्रियांमधले दोष शोधणाऱ्या) कुठल्या औषधाआधी घ्यायलाच हव्यात ते विचारून तेवढं रक्त आधी काढून ठेवायचं. बाकीच्या यादीसमोर "ही आत्ता केली तर या महिन्यात उपचार बदलेल का?" एवढा एकच प्रश्न. जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट यायलाच आठवडे लागतात, त्यामुळे पहिलं औषध त्यावर ठरतच नाही. पैसे कमी असतील तर ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ढकला, पण कायमची रद्द करू नका, पुढच्या बाळाचा विचार असेल तर तीच लागते. आणि रक्त आधीच काढलेलं असेल तर त्यातूनच डीएनए साठवून ठेवता येईल का ते विचारा.

अपवाद आहे. झटके स्पाझम्ससारखे नसून तापात येणारे, खूप वेळ चालणारे, कधी अंगाच्या एकाच बाजूला असतील आणि सहा महिन्यांच्या आसपास सुरू झाले असतील, तर ड्रावे सिंड्रोम नावाच्या फिट्सच्या वेगळ्या, जेनेटिक आजाराची शंका घेतात. त्यात कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन यांसारखी काही नेहमीची औषधं झटके वाढवतात, त्यामुळे तिथे जेनेटिक टेस्ट लवकर केली तर उपचारच बदलतो. आणि कुठलीही फिट ५ मिनिटांच्या वर गेली तर हिशोब-बिशोब बाजूला, डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा (फिट थांबवणारा) नाकातला स्प्रे असेल तर तो मारायचा आणि हॉस्पिटल.

कागद

बाळाचं नाव पॉलिसीत जन्मल्या जन्मल्या घाला, आजार निघाल्यावर घालायला गेलात की हजार अटी. निदान झाल्या दिवशी डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या, त्यात आजाराचं नाव, झटके सुरू झाल्याची तारीख, कुठलं औषध, आणि "उशीर झाल्यास मेंदूच्या विकासावर कायमचा परिणाम होऊ शकतो, तातडीने मंजुरी द्यावी" हे वाक्य हवंच. आमचा क्लेम एकदा "तातडीचं नाही" म्हणून मागे आला होता, त्या एका वाक्याने दुसऱ्या दिवशी पास झाला. नाकारलं तर लेखी कारण मागा, अपील करा, आणि अपील चालू असताना मिळतंय ते स्वस्त औषध सुरू ठेवा. हॉस्पिटलात सोशल वर्कर असतात, आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, पहिल्या दिवशी भेटा. महाग औषध असेल तर कंपनीची गरजूंसाठी योजना आहे का ते पण तेच सांगतात.

खर्चाच्या यादीत लोक औषधं लिहितात आणि रजा विसरतात. आमचा सगळ्यात मोठा खर्च औषधाचा नव्हताच, माझा पगार गेला तो होता, त्याच्या खालोखाल येणं-जाणं. म्हणून एका फेरीत जमेल तेवढं: ईईजी, डोळे, बीपी, डॉक्टर, सगळं एकाच दिवशी मागा. बहुतेक वेळा जमवतात, फक्त कुणीतरी मागावं लागतं.

थेरपी (बाळाच्या हालचाली आणि विकासासाठी करून घेतात ते व्यायाम) सुरू करायला झटके थांबायची वाट बघू नका, सोबतच करा. आठवड्याला पाच सेशन परवडत नसतील तर पंधरा दिवसांनी एकदा जा आणि थेरपिस्टला सांगा की मला शिकवा, मी घरी करते. बाळासोबत दिवसभर तुम्हीच असता, रोज अंघोळीनंतर आणि कपडे बदलताना दहा-दहा मिनिटं केलेलं लागू पडतं. नजर, मान, बसणं, महिन्याला एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा, प्रगती रोज दिसत नाही, व्हिडिओत दिसते.

आणि झटके थांबले, ईईजी स्वच्छ आला, औषध उतरवत आणलं, तरी वही फेकू नका. साधारण तीनातल्या एका बाळाला ते परत येतात, बऱ्याचदा औषध कमी करताना किंवा बंद केल्यावर काही आठवडे-महिन्यांत. मी त्यानंतर वर्षभर तरी रोज सकाळी लेक उठायच्या आधी फोन उशीला टेकवून लावायचे, नवरा वैतागायचा. त्यातल्या आठव्या महिन्यात एका सकाळी तिने चार वेळा मान झुकवली, मी व्हिडिओ पाठवला, दुपारी ईईजी झाला, संध्याकाळी औषध परत सुरू. या वेळी एकही दिवस गेला नाही.